जुन्या रोल्स-रॉइसचे काम काढण्यापूर्वी तिचा इतिहास कसा तपासावा

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची रोल्स-रॉइस दारात येऊन उभी राहिली, की मालकाचे लक्ष आधी रंगाच्या कार्डाकडे जाते. तो मोह काही महिने आवरावा. त्या काळात ही कंपनी पूर्ण मोटार विकत नसे. इंग्लंडमधील डर्बीच्या कारखान्यातून इंजिन आणि रेडिएटरसह नुसती चॅसिस, म्हणजे गाडीची चाकांवरची चौकट, बाहेर पडे आणि गिऱ्हाईक तिच्यावर हूपर, बार्कर किंवा पार्क वॉर्ड यांसारख्या कोचबिल्डरकडून आपल्या पसंतीची बॉडी बांधून घेई. त्यामुळे चॅसिसचा आणि बॉडीचा इतिहास वेगवेगळा शोधावा लागतो, आणि ते दोन्ही जुळतीलच असे नाही.

सुरुवात चॅसिस क्रमांकापासून करावी. १९२९ ते १९३६ या काळात बनलेल्या २०/२५ एच.पी. या मॉडेलचे उदाहरण घेतले, तर इंजिनामागच्या पडद्यावर बसवलेल्या पाटीवर ‘जीएक्सओ’सारखी अक्षरे आणि त्यापुढे आकडा आढळतो. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावणे अवघड नसल्यामुळे चॅसिसवर ठोकलेला क्रमांक घासून स्वच्छ करावा आणि तो पाटीशी ताडून पाहावा. इंजिनाचा क्रमांक निराळा असतो, तोही उतरवून घ्यावा. कंपनी आपल्या मालिकांत १३ हा क्रमांक देत नसे, तेव्हा ‘जीएक्सओ १३’ अशी पाटी कोणी अभिमानाने दाखवलीच, तर चहा घेऊन निघावे.

हा क्रमांक इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबकडे पाठवावा. नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी येथील हंट हाऊसमध्ये या क्लबने कारखान्याची मूळ चॅसिस कार्डे जपली असून शुल्क भरल्यावर त्यांच्या प्रती मिळतात. पहिल्या मालकाचे नाव, कोचबिल्डर, बॉडीचा प्रकार आणि चॅसिस रवाना झाल्याची तारीख अशा नोंदी त्यांत सापडतात. आपल्याकडे विकायला निघालेली जवळजवळ प्रत्येक जुनी रोल्स-रॉइस ‘महाराजांची’ असते. कार्डावरचे नाव पाहिल्यावर त्यांतल्या बऱ्याच महाराजांचे संस्थान खालसा होते. नाव खरोखरच कोल्हापूरसारख्या संस्थानाशी जुळले, तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी खर्चाची कागदपत्रे चाळण्याची खटपट अवश्य करावी.

कार्डावर बंद सलून लिहिलेले आहे आणि समोर उघडी टूरर उभी आहे, असे पुष्कळदा घडते, कारण जड बंद बॉडी उतरवून त्या जागी उघडी बॉडी चढवण्याची चाल पुढे बरीच रुळली. अशा वेळी बॉडीचाच पंचनामा करावा लागतो. कोचबिल्डरची छोटी पाटी बहुधा दाराच्या उंबऱ्यावर असते. ती नसल्यास सीट, फळ्या आणि दारांच्या आतली लाकडी पट्टी अलगद काढून मागची बाजू बॅटरीच्या उजेडात तिरकी धरावी, म्हणजे तिथे ठोकलेला किंवा पेन्सिलीने लिहिलेला बॉडी क्रमांक हाती लागण्याची शक्यता असते. बॉडीच्या लाकडी सांगाड्यात ॲश या विलायती लाकडाऐवजी सागवान दिसले, तर दुरुस्ती इथेच झाली असा तर्क मनात येतो, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

रंगाचा शोध त्याहून सोपा आहे. जिथला पत्रा कधी बदललेला किंवा लांबी भरलेला नाही, अशा झाकलेल्या जागी रुपयाएवढा भाग ओल्या वॉटर पेपरने हलक्या हाताने गोल घासत न्यावा. वरचा रंग कडेला राहून खालचे थर कड्यांसारखे एकात एक उमटतात आणि मधोमध पत्रा चमकू लागतो. त्याला लागून असलेले प्रायमर आणि त्याबाहेरची पहिली रंगीत कडी मूळ रंगाची असण्याचा संभव सर्वांत अधिक. ही खूण पेंटरला दाखवण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात तिचे छायाचित्र घ्यावे.

भारतात या तपासाला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ साली आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असल्यास ही मान्यता मिळत नाही. अशा नोंदणीबरोबर मिळणारी ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट हवी असेल, तर आधुनिक इंजिन बसवण्याचा विचार आधीच सोडावा.

एवढे झाल्यावरच गाडी खोलावी, आणि निघालेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी बांधून ठेवावा, मग तो वाळवीने पोखरलेला का असेना. सुताराला नव्या लाकडाचे माप त्याच्याचवरून घ्यावे लागते.