अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करणाऱ्या आपल्या माणसाला मदत कशी करायची

माझ्या आत्याचं बीकॉम सेकंड इयरला सुटलं, लग्न ठरलं म्हणून. तेव्हापासून ती एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, अख्ख्या बाजारपेठेचे हिशोब तोंडपाठ, पण तिथे क्लार्कची जागा निघाली तेव्हा पहिला प्रश्न आला "ग्रॅज्युएट आहात का". मग आम्ही दोघांनी मिळून ते पूर्ण करायचं ठरवलं. त्यातून जे शिकलो ते लिहितोय, कारण अशी एक आत्या किंवा एक काका प्रत्येकाच्या घरात असतात.

सगळ्यात आधी एक सांगतो, अभ्यासाची भीती घालू नका आणि घेऊ पण नका. माणसं अडतात ती कागदावर. त्यातही बाईमाणूस असेल तर नावावर.

आत्याच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आडनाव आधी, मग तिचं, मग आजोबांचं. आधारवर सासरचं. आता डिस्टन्सला, म्हणजे घरून शिकायच्या कोर्सला, ॲडमिशन घ्यायचं तर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) डेब आयडी, म्हणजे त्यांच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर लागतो, त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाचे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर लागतो, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. म्हणजे आयडीवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरंच. म्हणून फॉर्म भरायच्या दोन-तीन महिने आधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. लग्नाची नोंद तेव्हा केलीच नसेल तरी उशिरा करता येते, गावात असाल तर ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. हा दाखला चालेल की राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागेल हे अभ्यासकेंद्रात, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात, आधीच विचारून घ्या. आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते पहिल्याच दिवशी बघा! आमचा ओटीपी आठवडाभर चुलतभावाच्या जुन्या नंबरवर जात होता, आणि तो नंबर तर केव्हाच बंद झालेला.

मार्कशीट हरवली असेल तर डिजिलॉकरवर शोधा, नाहीतर विभागीय बोर्डातून डुप्लिकेट मिळते. शाळा सोडल्याचा दाखला आणि जुन्या कॉलेजची टीसी, मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाताना लागणारा दाखला) यांच्या मागे तुम्ही स्वतः जा, त्यांना एकटं पाठवू नका. वीस-पंचवीस वर्षांनी कॉलेजच्या खिडकीशी उभं राहून पोराच्या वयाच्या क्लार्कला "माझं शिक्षण अर्धवट आहे" हे सांगायला लागतं ना, तिथेच अर्धी माणसं परत फिरतात.

आता कुठे घ्यायचं. मराठीतून शिकायचंय तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, 1989 चं, पुस्तकं मराठीत आणि अभ्यासकेंद्रं राज्यभर, बहुतेक तालुक्याच्या कॉलेजातच. इंग्रजी किंवा हिंदी जमत असेल तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तिथे बॅचलर डिग्री कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षांत करता येते, म्हणजे मधे एखादं वर्ष घरच्या आजारपणात गेलं तरी बिघडत नाही. बारावीच झालेली नसेल तर आधी 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून बसायचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा किंवा एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा). जुनं फर्स्ट इयर पास असेल तर ते धरतील का हे जरूर विचारा, पण उत्तर लेखी घ्या, तोंडी "होऊन जाईल" वर फी भरू नका. आणि डिस्टन्सची डिग्री चालत नाही असं कोणी शेजारी म्हणालाच तर त्याला सांगा की मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची आहे असं यूजीसीनेच 2022 ला स्पष्ट केलंय. फक्त तो कोर्स त्या वर्षी यूजीसीच्या यादीत आहे का ते बघून घ्या, आणि लॉ किंवा इंजिनिअरिंग कोणी घरबसल्या देतो म्हणाला तर तिथून पळा.

ॲडमिशन झालं की खरी मदत सुरू होते आणि इथेच घरचे चुकतात. असाइनमेंट तुम्ही लिहून देऊ नका. मोह होतो, मलाही झाला, एक लिहायला घेतली पण होती, आत्याने वही ओढून घेतली. बरंच झालं, कारण तिचा खरा प्रॉब्लेम उत्तर येत नाही हा नव्हताच, हात चालत नव्हता. पिग्मीच्या पावतीवर रक्कम आणि सही सोडली तर तिने वीस वर्षांत सलग एक पान लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी अर्ध्या पानात बोटं आखडली. मग आम्ही रोज रात्री ओटा आवरल्यावर मोबाइलवर टायमर लावायचो, आधी दहा मिनिटं, मग वीस, परीक्षेपर्यंत सलग अडीच तास. दुसऱ्या कशाहीपेक्षा याचा उपयोग झाला.

असाइनमेंट देताना झेरॉक्स ठेवा आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. आमची एक असाइनमेंट केंद्रात गहाळ झाली आणि "तुम्ही दिलीच नाही" म्हणाले, झेरॉक्स आणि सही-शिक्का होता म्हणून वाचलो. इग्नूत तर असाइनमेंटला साधारण 30 टक्के वजन असतं, ती गेली की मेहनत पाण्यात.

घरच्यांनी काय करायचं? "अभ्यास कर" म्हणायचं नाही, रविवारचा स्वयंपाक करायचा, कारण क्लास बहुतेक शनिवार-रविवारी असतात. आतोबांना आम्ही पोह्यांपासून सुरुवात करून दिली. खारट व्हायचे, आत्या खायची. एखादा विषय राहिला तर घरात त्याची चर्चा नको, पुढच्या परीक्षेचा फॉर्म आपणच तारीख लक्षात ठेवून भरायचा, लेट फी लागायच्या आत.

शेवटची मार्कशीट आली की काम झालं असं समजू नका. पदवी प्रमाणपत्रासाठी बऱ्याच ठिकाणी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते, लोक तो भरायचंच विसरतात आणि नोकरीच्या वेळी पळापळ होते. आणि ते हातात आलं की लॅमिनेट करू नका, पुढे त्यावर कुठला शिक्का मारायचा झाला तर अडतं. आमचे आतोबा प्रमाणपत्र घेऊन झेरॉक्सवाल्याकडे निघालेच होते, मी गल्लीच्या तोंडाशी गाठून परत आणले.