बॅटरी डिकीत हलवताय? आधी अर्थिंगचं बघा

बॅटरी बोनेटमधून डिकीत न्यायची म्हटलं की सगळं डोकं त्या लांबलचक लाल वायरीत जातं, कुठून ओढायची, किती जाड घ्यायची, आणि काळ्या वायरचं काय तर "दे कुठेतरी बॉडीला". मीपण माझ्या जुन्या झेनमध्ये हेच केलं. लाल वायर चांगली जाडजूड टाकली, सेल्फ मारला तर इंजिन कसंबसं कण्हत फिरलं आणि तिसऱ्या वेळेला बोनेटमधून जळका वास. बघतो तर ॲक्सिलरेटरची केबल चटका बसेल एवढी तापलेली!

झालं असं, की सेल्फने घेतलेला करंट परत बॅटरीच्या निगेटिव्हला यायलाच लागतो, आणि इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेलं. आधी गिअरबॉक्सवर थेट जाड निगेटिव्ह होती ती मी काढून टाकली, इंजिन आणि बॉडीच्या मधे उरली एक बोटभर गंजकी पट्टी, मग करंट शिरला ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीत बॅटरी कंपनीतूनच डिकीत होती, त्यातही इंजिनची अर्थिंग पट्टी गेली की चोक नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल तापायची.

आता करायचं कसं. सगळ्यात आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलटं, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

वायर ३५ स्क्वेअर एमएमची घ्या, वेल्डिंगची केबल चालते, मस्त वाकते. शुद्ध तांब्याची आहे का ते टोक कापून खरवडून बघा, कारण वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त वायर सर्रास मिळते, ती तेवढ्याच कामाला बरीच जाड लागते. हिशोब सोपाय: ३५ ची तांब्याची वायर ५ मीटर, सेल्फचा करंट १५० ॲम्पियर धरा, तर वायरमध्येच साधारण ०.३७ व्होल्ट जातात. १६ ची टाकली तर ०.८ च्या वर. थंडीत सकाळी हेच जाणवतं.

मग डिकीत काळ्या वायरच्या बोल्टची जागा. स्टेपनीच्या खळग्यातला पातळ पत्रा नको, चेसिसचा बॉक्ससारखा जाड भाग जिथे येतो तिथे. सीटबेल्टच्या बोल्टवर तर अजिबात नको, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली झोपून बघाच, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप तिथेच असतात. एम ८ चा बोल्ट, तेराचा पाना. भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत करा, रंगावर थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) बसवलं तर वरून कितीही टाइट करा, उपयोग शून्य. थिंबल थेट पत्र्यावर, स्टार वॉशर, नट, आणि आवळून झाल्यावर वरून रंग नाहीतर व्हॅसलिन, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. थिंबल हातोडीने चेपू नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात ओळख असेल तर लगेच करून देतात.

आता जिथे मी फसलो ते. पुढे इंजिन ब्लॉक किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तेवढ्याच जाडीची नवी वायर टाका, इंजिन हलतं म्हणून थोडी सैल ठेवा. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) बारीक अर्थिंग वायरी जिथे कंपनीने दिल्यात तिथेच राहू द्या. झेन, एस्टीमसारख्या गाड्यांत बॉडी हाच परतीचा रस्ता पुरतो. पण जिप्सीसारख्या गाडीत बॉडी वेगळी आणि चेसिस वेगळी, मधे रबर, तिथे मी सरळ बॅटरीपासून इंजिनपर्यंत काळी वायरपण पूर्ण ओढेन आणि चेसिसला, बॉडीला वेगळा जोड देईन. निगेटिव्हच्या टर्मिनलवर सेन्सर असलेली नवी गाडी असेल तर हे सगळं घरी करू नका.

लाल वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, २००-२५० ॲम्पियरचा, आणि पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडं). अर्थिंग जितकं चांगलं तितका लाल वायर घासून शॉर्ट झाली की भडका मोठा. साधी पाण्याची बॅटरी असेल तर झाकणाचा डबा आणि बाहेर काढलेली नळी, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. बॅटरी पट्टीने घट्ट बांधा, दहा किलोचा दगडच आहे तो.

शेवटी मीटर. इग्निशन कॉइलचा कपलर (वायरीचा जोड) काढा म्हणजे गाडी स्टार्ट होणार नाही. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, पिनची वायर लांब करायला लागेल, आणि मित्राला सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या आसपास आलं तर मस्त, ०.५ च्या वर गेलं तर एकेक टप्पा मोजत या: खांब ते थिंबल, थिंबल ते पत्रा, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तिथेच गडबड. माझ्याकडे पहिल्यांदा १.६ आला होता, त्यातले १.३ एकट्या त्या गंजक्या पट्टीत.