आधी स्वतःच्या वायफायवर हात बसवा: संगणक सुरक्षेची मोफत साधनं वापरून कशी पाहावीत

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत लॅपटॉप उघडा, वायफायच्या यादीत भरमसाट नावं दिसतात. त्यातलं एकच आपलं असतं. संगणक सुरक्षेची आवड असणाऱ्याने हे आधी मनात पक्कं करावं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलात तर कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वे स्थानकावरचं किंवा कॉलेजचं वायफायही आपलं नव्हे. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर यातलं काहीच टाकू नका. शिकायला आपलं घर भरपूर पुरतं.

पायरी १: डाउनलोड तपासून घ्या

प्रत्येक साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. डाउनलोडच्या पानावर बहुतेकदा एसएचए-२५६ नावाची अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, म्हणजे जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा, दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की फाइलवर राइट क्लिक करून तीच ओळ काढता येते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळायला हव्यात. एका अक्षराचा जरी फरक पडला तरी फाइल उघडू नका, काढून टाका.

पायरी २: घरात काय काय जोडलंय ते पाहा

नेटवर्कवर कोणती उपकरणं आहेत ते शोधणारं एनमॅप हे साधन गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि आजही सुरुवात त्यानेच करावी असं माझं ठाम मत आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये झेनमॅप ही त्याची खिडकीवाली आवृत्ती सोबत येते, त्यामुळे कमांड पाठ करायची गरज नाही.

मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे किंवा राउटर या नावापुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. झेनमॅपच्या टार्गेटच्या चौकटीत हाच पत्ता, पण शेवटच्या आकड्याऐवजी शून्य आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन २४ असा इंग्रजी आकड्यांत लिहा. म्हणजे त्या गटातले सगळे २५६ पत्ते तपासले जातील. प्रोफाइलमध्ये क्विक स्कॅन निवडा आणि सुरू करा.

यादीत राउटर, फोन, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा असं एकेक दिसू लागेल. ओळख न पटणारं उपकरण दिसलं तर लगेच घाबरू नका. हल्लीचे फोन नेटवर्कला स्वतःचा खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बदललेला देतात, त्यामुळे कंपनीचं नाव कळत नाही. घरातली उपकरणं एकेक करून बंद करा, पुन्हा स्कॅन करा, कोडं सुटतं. तरीही एखादं उरलंच तर वायफायचा पासवर्ड बदला.

मग उघडे पोर्ट, म्हणजे उपकरणात शिरायचे क्रमांक दिलेले दरवाजे, बघा. राउटरवर ५३ आणि ८० उघडे असणं नेहमीचं. राउटर किंवा कॅमेऱ्यावर २३ म्हणजे टेलनेट (दुरून उपकरण चालवायची जुनी, असुरक्षित सोय) उघडं दिसलं तर मात्र ते आजच बंद करा आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने अशाच कॅमेऱ्यांत आणि राउटरांत टेलनेटवरून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून शिरकाव केला होता.

पायरी ३: वायरमधून काय वाहतंय ते वाचा

नेटवर्कवरून ये-जा करणारी माहिती दाखवणारं वायरशार्क १९९८ मध्ये इथेरियल या नावाने सुरू झालं, २००६ मध्ये नाव बदललं. उघडल्यावर वायफायच्या ओळीवर डबल क्लिक करा. क्षणात शेकडो ओळी धावू लागतात आणि नवा माणूस इथेच हात टेकतो. म्हणून वरच्या फिल्टरच्या पट्टीत इंग्रजीत, लहान लिपीत एचटीटीपी लिहा. आता ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. ते साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवर, चालत असेल तर ओळीवर राइट क्लिक करून फॉलो निवडा, पानाचा मजकूर जसाच्या तसा समोर येतो. काही राउटरांत तुम्ही टाकलेला पासवर्डही. नंतर फिल्टर बदलून टीएलएस (कुलूपबंद जोडणी) करा आणि बँकेचं पान उघडा, लॉगिन करू नका. बहुधा संकेतस्थळाचं नाव तेवढं वाचता येईल, बाकी सगळं अगम्य. कुलपाचं चिन्ह नेमकं काय झाकतं हे इतक्या स्पष्टपणे दुसरं काही शिकवत नाही.

पायरी ४: बंद खोलीतली प्रयोगशाळा

अनेकजण थेट काली लिनक्स ही सुरक्षा चाचणीसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात. त्यात शेकडो साधनं आहेत आणि सुरुवातीला त्यांचा गोंधळच होतो, म्हणून ते थोडं थांबू द्या. संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात मेटास्प्लॉइटेबल २ चालवा. सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेला हा आभासी संगणक आहे. ८ जीबी रॅम भरपूर झाली. जुन्या लॅपटॉपला कमी पडत असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा.

एक गोष्ट अजिबात चुकवू नका. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये होस्ट-ओन्ली अडॅप्टरच (फक्त तुमच्या संगणकाशी जोडणी) निवडा, ब्रिज्ड (थेट घरच्या नेटवर्कशी जोडणी) नाही. हा संगणक घरच्या नेटवर्कवर मोकळा सोडणं धोक्याचं आहे.

चालू झाल्यावर नाव आणि पासवर्ड दोन्ही एमएसएफॲडमिन, इंग्रजीत. आयएफकॉन्फिग ही कमांड दिली की पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८.५६ ने सुरू होणारा. तो झेनमॅपमध्ये टाकून इंटेन्स स्कॅन चालवा. पोर्ट २१ पुढे व्हीएसएफटीपीडी २.३.४ असं, म्हणजे फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव दिसेल, तिथे थांबा. २०११ मध्ये या सॉफ्टवेअरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. लॉगिनच्या नावाशेवटी हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हं टाकली की पोर्ट ६२०० उघडायचं. फाइलची डिजिटल सही पडताळणाऱ्याला ती जुळत नसल्याचं लगेच कळत होतं.

पायरी ५: संशयास्पद फाइल

लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) आली तर ती फोनमध्ये इन्स्टॉल न करता संगणकावर घ्या, पहिल्या पायरीप्रमाणे तिची एसएचए-२५६ ओळ काढा आणि व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळाच्या शोधपट्टीत टाका. अनेक अँटिव्हायरसचं मत एकत्र मिळतं. काहीच सापडलं नाही तर ती फाइल निर्धोक ठरत नाही. कदाचित ती नवी असेल. अशी एपीके अपलोड करायला हरकत नाही, पण आधार, पॅन किंवा बँकेच्या कागदांची फाइल तिथे कधीच चढवू नका, कारण अपलोड झालेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांनाही मिळतात.