मिसळीवर खापर फोडण्याआधी: विषबाधेत या चुका टाळा

सकाळी मिसळ खाल्ली, दहाला पोटात कळ आली, की मिसळच बाधली असं आपण ठरवून मोकळे होतो. पण साल्मोनेला या जंतूचा त्रास खाल्ल्यानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो. अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्यांचा सपाटा लावतं ते स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष. म्हणून डॉक्टरांना मागच्या तीन-चार दिवसांचं खाणं सांगा. सोबत जेवलेल्या आणखी कुणाला त्रास होतोय का, तेही सांगा.

जत्रेचं मटण ही आपली खरी दुखरी जागा. तांबडा-पांढरा रस्सा उरतो, भलं मोठं पातेलं तसंच झाकून रात्रभर ओट्यावर राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, शिजवताना मरत नाहीत, आणि रस्सा कोमट होत गेला की जंतू भराभर वाढतात. सकाळी तो वरवर गरम करून वाढला की दुपारपासून घरभर जुलाब. नीट उकळलं तर हे वाढलेले जंतू मरतात, पण भातातल्या बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विष उकळूनही जात नाही. त्यामुळं ‘पुन्हा गरम केलंय की’ हे उत्तर पुरेसं नाही. उरलेलं लहान, पसरट भांड्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. पारा ३२ अंशांवर असेल तर तासाभरातच. वास घेऊन काही कळत नाही.

कट्ट्यावर समोरच म्हैस पिळून देतात ते धारोष्ण दूध गरोदर बाया, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना देऊ नका. कितीही ताजं असलं तरी ते कच्चंच.

उपचारातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘पोटाला आराम’ म्हणून पाणी तोडणं. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं माप बघा. लिटरची पुडी एका पेल्यात ढवळली तर मीठ अति होतं, आणि तान्ह्या बाळाला ते धोक्याचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट. अंगावरचं दूध बंद करू नका. कोल्ड्रिंक नको.

जुलाब थांबवायची गोळी मुलांना स्वतःहून कधीच देऊ नका. ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नको.

शौचात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीसुद्धा न टिकणं, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, १०८ची रुग्णवाहिका आहे. रात्री ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

बऱ्याच जणांना एकदम त्रास झाला तर घाबरून पातेलं धुऊन टाकू नका. थोडं अन्न स्वच्छ डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, डब्यावर ‘खाऊ नये’ असं लिहा. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करताना ते दाखवता येईल.