पीएसक्यूएलमधून लाइव्ह डेटाला हात लावण्याआधी

बॅकअप घ्या वगैरे सांगायला नको. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या कमांड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, शिरल्यावर सगळ्यात आधी बॅकस्लॅश कॉनइन्फो (\conninfo) मारा. डेटाबेस, युजर, होस्ट, पोर्ट, सगळं एका फटक्यात दिसतं. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणेत, डेटाबेसचं नाव असतंच की, असं म्हणाल, पण टेस्टिंग आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे बऱ्याचदा तेच नाव ठेवलेलं असतं, मग नाव वाचून काय कळणार? प्रॉम्प्टच्या शेवटी # दिसला तर तुम्ही सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून आत आलाय. चार रो दुरुस्त करायला ते कशाला हवंय? बाहेर पडा, साध्या युजरने परत या, म्हणजे > दिसेल.

मग बॅकस्लॅश डी आणि टेबलचं नाव. कॉलम बघून थांबू नका, खाली जा, फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोडणारा दुवा) आणि ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) तिथे असतात. त्यात कुठे ऑन डिलीट कॅस्केड दिसलं तर सावध, कारण तुम्ही एक रो उडवली की उत्तर येतं ‘डिलीट १’, आणि तिच्यामागोमाग दुसऱ्या टेबलमधून जे काही गेलं त्याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो.

अपडेटच्या आधी तोच व्हेअर, म्हणजे रो निवडायची अट, लावून काउंट काढा, आकडा कागदावर लिहा. अपडेटनंतर वेगळा आकडा आला तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे, विचार नंतर.

आता बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू करायचं. ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक कमांड लगेच पक्की होणं, मुळात चालूच असतं, त्यामुळे बिगिनशिवाय अपडेट मारला की विषय संपला. हे सगळेच सांगतात. मागच्या वेळी माझं जे राहिलं ते दुसरं टोक, म्हणजे कमिट, बदल पक्के करणं. तर प्रॉम्प्टमधला स्टार बघायचा. बिगिन केलं की => चं =*> होतं. तो स्टार आहे तोवर ट्रान्झॅक्शन उघडं आहे, तुमच्या टर्मिनलमध्ये सिलेक्ट मारला तर नवीन डेटा दिसतो, वाटतं झालं काम, बाकीच्यांना मात्र जुनाच दिसतोय आणि त्याच रो अपडेट करायला आलेलं ॲप्लिकेशन ताटकळत बसलंय. त्यात कोणी त्या टेबलवर ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलायची कमांड) चालवलं तर ते तुमच्यामागे अडकतं आणि त्याच्यामागे साधे सिलेक्टसुद्धा. आणि तुम्ही जेवायला गेलाय. स्टार बघा!

कमिट लिहून एंटर मारलं आणि सेमीकोलन राहिला तर? काही होत नाही, फक्त =*> चं -*> होतं, एवढासा डॅश, घाईत कुणाला दिसतोय. म्हणून कमिट लिहिलं का हे नाही, स्टार गेला का हे बघायचं. मध्येच एरर आली तर स्टारच्या जागी ! येतो, मग कमिट मारलं तरी उत्तरात ‘रोलबॅक’ येतं. ते उत्तर वाचा, ‘मारलं ना कमिट’ म्हणून पुढे पळू नका. एका टायपोपायी आधीचं सगळं घालवायचं नसेल तर ऑन एरर रोलबॅक हे सेटिंग इंटरॅक्टिव्ह करून ठेवा.

व्हर्जन १३ च्या आधीच्या पीएसक्यूएलमध्ये हा स्टार आपोआप येत नाही, प्रॉम्प्टच्या सेटिंगमध्ये %x घालावा लागतो. घाला. आत्ताच घाला, काम झाल्यावर कोणी घालत नाही. शिवाय आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट, म्हणजे उघडं ट्रान्झॅक्शन किती वेळ नुसतं पडून राहू द्यायचं ती मर्यादा, मुळात शून्य म्हणजे बंद असतो, तो आपल्या सेशनपुरता ५ मिनिटं करा. विसरलात तर सर्व्हर कनेक्शनच तोडतो, तुमचे बदल जातात पण निदान बाकीच्यांची वाट मोकळी होते.

उरलेलं पटापट. रुंद टेबलला बॅकस्लॅश एक्स ऑटो, म्हणजे रो उभी मांडून दिसते. बॅकस्लॅश ओने आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर काम झाल्यावर नुसतं बॅकस्लॅश ओ मारून परत स्क्रीनवर आणा, नाहीतर सिलेक्टला उत्तरच येत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल. इंडेक्स कॉनकरंटली (बाकीच्यांचं लिहिणं न अडवता) बनवायचा तर बिगिनच्या आत चालत नाही. पासवर्डच्या फाइलला परमिशन ०६००, ढिली ठेवली तर पीएसक्यूएल ती वाचतच नाही. बाहेर पडायला बॅकस्लॅश क्यू, पण आधी स्टार बघा, कारण ट्रान्झॅक्शन उघडं असलं तरी ते ‘नक्की का’ म्हणून विचारत नाही, सरळ बाहेर पडतं आणि केलेलं सगळं रोलबॅक होतं.