मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर घेताना आवाज चित्राला सोडून जातो, तेव्हा

ज्यांच्या घरात २००० सालच्या आसपास लग्न, मुंज किंवा बारसे झाले, त्यांच्या कपाटात मिनीडीव्हीच्या दोनचार कॅसेट हमखास असतात. त्या संगणकावर घेण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे आणि या कामाबद्दल दिले जाणारे बहुतेक सल्ले मला चुकीचे वाटतात. ‘पिवळी-पांढरी-लाल वायर लावा आणि स्वस्तातल्या यूएसबी डोंगलने घ्या’ हा त्यांतला सर्वांत वाईट सल्ला आहे. मिनीडीव्ही ही डिजिटल कॅसेट आहे, म्हणजे तिच्यावरचे चित्र आणि आवाज आधीच आकड्यांच्या रूपात आहेत. फायरवायरने (कॅमेऱ्यातून डिजिटल माहिती नेणाऱ्या जुन्या वायरने) घेतल्यास त्या आकड्यांची जशीच्या तशी नक्कल होते. डोंगलने घेतल्यास आधी त्यांचे ॲनालॉग होते, मग पुन्हा डिजिटल, आणि या दोन उड्यांत चेहऱ्यांवरचा बारकावा कायमचा जातो. कॅमेऱ्याच्या यूएसबी पोर्टवरही विसंबू नये. बहुतेक हँडीकॅममधून तिथे फक्त वेबकॅमच्या दर्जाचे लहान चित्र मिळते.

जोडणी

विंडोजच्या संगणकात फायरवायरचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड लागते. ‘फायरवायर ते यूएसबी’ म्हणून विकली जाणारी छोटी पिन घेऊ नये, कारण दोन्हींची भाषाच वेगळी असल्याने नुसती पिन बदलून काही होत नाही. कार्ड बसवूनही कॅमेरा दिसत नसेल, तर १३९४ चा, म्हणजे फायरवायरचा, जुना लेगसी ड्रायव्हर वेगळा बसवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तोच निवडावा. मॅकवर थंडरबोल्टचे अडॅप्टर एकापुढे एक जोडून काम होत असे, परंतु मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकलेला आहे. म्हणून जुना मॅक असेल तर तो या कामापुरता अद्ययावत न करता तसाच ठेवावा. वायर लावताना आणि काढताना कॅमेरा बंद असावा. सहा पिनांच्या टोकातून वीज वाहते आणि ते टोक उलटे घुसवले गेल्याने पोर्ट जळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कॅसेट

कडेची खिटी ‘सेव्ह’कडे सरकवावी, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. खिडकीतून पाहताना फितीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसली, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांनंतर ती दिसतेच, तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नये. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या निरोगी कॅसेटही बिघडवते.

कॅप्चर

प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्ही पाल (भारतात वापरली जाणारी, सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत) प्रीसेटचा प्रकल्प उघडून एफ ५ दाबले की कॅप्चरची खिडकी येते. इथे माझे ठाम मत असे आहे की, डिव्हाइस कंट्रोल (सॉफ्टवेअरने कॅमेरा चालवण्याची सोय) बंद करावा आणि कॅसेट कॅमेऱ्याच्या बटणाने, हाताने चालवावी. घरगुती चित्रीकरणात मध्येच कॅमेरा बंद करून मागचे थोडे पाहिलेले असते, त्यानंतर थोडी कोरी फीत सोडून पुढचे चित्रण सुरू झालेले असते, आणि कोऱ्या जागेनंतर कॅमेरा टाइमकोड (फितीवर नोंदलेली प्रत्येक फ्रेमची वेळ) पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. एकाच कॅसेटवर ‘शून्य तास शून्य मिनिटे’ असे तीन-चार ठिकाणी आले की टाइमकोडवरून जागा शोधणारे सॉफ्टवेअर गोंधळते, कॅसेट पुढेमागे पळवत राहते आणि त्यात फीत घासली जाते. पसंतीच्या सेटिंगमध्ये ‘फ्रेम गळल्यास कॅप्चर थांबवा’ हा पर्याय काढून टाकावा, पण ‘गळलेल्या फ्रेम कळवा’ हा मात्र चालूच ठेवावा.

डिस्कवर जागा किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. पाल डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची असते; सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३.६ एमबी, आणि तासाला सुमारे १३ जीबी. एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही, त्यामुळे डिस्क एनटीएफएसची असावी.

आवाज आणि चित्राचा मेळ

याच टप्प्यावर माझे सर्वांत जास्त दिवस वाया गेले आहेत. मिनीडीव्हीवर आवाज दोन प्रकारे नोंदवता येतो: १६ बिट, सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची मोजमापे), किंवा १२ बिट, सेकंदाला ३२,००० नमुने. घरगुती कॅमेरे अनेकदा १२ बिटवर लावलेले असत आणि कोणी ते बदलत नसे. व्यावसायिक छायाचित्रकार मात्र १६ बिट वापरत. आता एकच कॅसेट दोन कॅमेऱ्यांतून गेली की तिच्यावर दोन्ही प्रकार येतात, आणि नेमके हेच लग्नांत घडत असे.

माझ्या आतेबहिणीच्या २००३ सालच्या लग्नाची कॅसेट अशीच होती. हळदीची पहिली १८ मिनिटे मामाच्या हँडीकॅमने घेतलेली होती, आणि उरलेली ४२ मिनिटे भाड्याने बोलावलेल्या कॅमेऱ्याने. मी पहिली पाच मिनिटे तपासली, आवाज ओठांशी बरोबर जुळत होता, म्हणून पुढचे न पाहता संपादनाला बसलो. मंगलाष्टकांपर्यंत पोचलो तेव्हा पडद्यावर अंतरपाट दूर होऊन अक्षता उडत होत्या, नवरा-नवरी एकमेकांच्या गळ्यात हार घालत होती, आणि आवाजात मात्र गुरुजी अजून आधीच्याच मंगलाष्टकात होते, तेही अत्यंत जड, ओढलेल्या स्वरात. कारण असे की, आवाज वेगळा काढून ठेवणाऱ्या एव्हीआय फाइलच्या सुरुवातीला आवाजाचा एकच दर नोंदवला जातो. तिथे ३२,००० लिहिले गेले होते, आणि पुढचे ४८,००० दराचे नमुनेही त्याच संथ गतीने वाजत होते. ४२ मिनिटांचा आवाज ६३ मिनिटे चालला. चित्र ६० मिनिटांचे आणि आवाज ८१ मिनिटांचा झाला.

मी तेव्हा केलेली चूक सांगतो, कारण आजही लोकांना तीच करायला सांगितले जाते. मी सगळा आवाज ताणून-आवळून ६० मिनिटांत बसवला. त्याने लग्नाचा भाग तर जुळला नाहीच, पण जी हळद मुळात बरोबर होती ती घाईघाईत बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली. टाइमलाइनवर अंदाजाने आवाज ओढत बसू नये. आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे.

ओळखण्यासाठी फाइलमध्ये तीन जागा पाहाव्यात: सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटे. टाळी, ताट ठेवल्याचा आवाज किंवा फटाका सापडला तर उत्तम. तीनही जागी आवाज आणि चित्रातला फरक सारखाच असेल तर आवाजाचा तुकडा तेवढ्या फ्रेम सरकवला की काम संपले. फरक एखाद्या ठिकाणी एकदम उडी मारून वाढत असेल तर तिथे फ्रेम गळलेल्या आहेत किंवा टाइमकोड तुटलेला आहे. २५ फ्रेम गळल्या की चित्र एक सेकंद पुढे जाते. हेड स्वच्छ करावे, हेड साफ करण्याची कॅसेट पाचदहा सेकंदांहून जास्त चालवू नये, आणि तेवढाच भाग पुन्हा घ्यावा. आवाजाचा स्वरच बदललेला असेल, म्हणजे जड किंवा चिरका झाला असेल, तर दर बदललेला आहे यात शंका घेऊ नये. आणि तासाभरात फरक हळूहळू काही फ्रेमपर्यंतच वाढत असेल, तर घरगुती कॅमेऱ्यांत आवाजाचे घड्याळ चित्राशी घट्ट बांधलेले नसते, त्याचा तो परिणाम आहे; अशा वेळी शांत जागा पाहून आवाज दहादहा मिनिटांवर कापावा आणि प्रत्येक तुकडा गरजेपुरता सरकवावा. ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

दर बदललेला असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन भाग दोन वेगळ्या फाइलींत पुन्हा घेणे. बदलाच्या जागेच्या पाच सेकंद आधी कॅप्चर थांबवावे, कॅसेट बदलाच्या जागेपुढे आणावी आणि नव्याने सुरू करावे. प्रत्येक फाइल मग आपापल्या खऱ्या दराने वाजते आणि प्रीमियर दोन्ही एकाच टाइमलाइनवर नीट सांभाळते. कॅसेट पुन्हा चालवण्याच्या स्थितीत नसेल, तर मूळ डीव्ही प्रवाह जसाच्या तसा साठवलेला असणे हाच आधार असतो. त्यात प्रत्येक फ्रेमसोबत तिच्या आवाजाचा दर लिहिलेला असतो, आणि डीव्हीरेस्क्यू या मुक्त साधनसंचातील डीव्हीपॅकेजर दर बदलला की फाइल आपोआप तोडून देते. म्हणूनच मी आता विनडीव्ही किंवा डीव्हीरेस्क्यूने आधी मूळ प्रवाह घेतो आणि प्रीमियरमध्ये फक्त संपादन करतो. आतेबहिणीची कॅसेट मी याच पद्धतीने पुन्हा घेतली, आणि ‘सावधान’ हा शब्द आणि अक्षता एकाच फ्रेमवर आल्या.

एलपी वेगाने नोंदवलेल्या कॅसेटवर, म्हणजे ६० मिनिटांच्या फितीत ९० मिनिटे कोंबलेल्या असतील तिथे, चौकटी-चौकटींचे चित्र आणि तुटका आवाज आला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले तोच मिळवण्याचा प्रयत्न करावा. अशी फीत दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट वाचली जाईल याची खात्री नसते.

संपादन आणि जतन

संपादन इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम आडव्या रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डांत, विभागलेल्या) स्वरूपातच करावे आणि लोअर फील्ड फर्स्ट ठेवावे. उलटे निवडले तर हलणाऱ्या हातांभोवती चित्र थरथरते. घरच्यांना पाहण्यासाठी सेकंदाला ५० फ्रेमची डीइंटरलेस केलेली एच.२६४ एमपी ४ फाइल वेगळी काढावी. मूळ डीव्ही फाइल मात्र कधीही दाबून लहान करू नये. ती दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी आणि फाइलच्या नावात कॅसेटचा क्रमांक, प्रसंग आणि आवाजाचा दर लिहावा. दोन्ही प्रतींची शेवटची पाच मिनिटे ऐकून झाल्यावरच कॅसेट डबीत घालून कोरड्या जागी, उभी ठेवावी.