मास्टमधली जुनी वायर आधी उपसू नका
शिडाच्या बोटीवर डोलकाठीच्या (म्हणजे मास्टच्या) टोकावरचा दिवा गेला की लोक जुनी वायर खस्सकन ओढून काढतात आणि मग रिकाम्या पोकळीत नवी घालत बसतात. अहो, जुनी वायर हीच तुमची ओढदोरी आहे! आधी ती मोकळी हलते का बघा. हलत असेल तर गाठ न मारता जुन्या आणि नव्या वायरच्या तारा सोलून एकमेकींत अडकवा, वरून टेप गुंडाळून उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं करा, नाहीतर आतल्या एखाद्या बोल्टला अडकणारच. सोबत एक पातळ नायलॉन दोरी पण ओढून आतच ठेवा, पुढच्या वेळी लागते (मी पहिल्यांदा विसरलो, अख्खा रविवार गेला). एकाने ओढायचं, दुसऱ्याने वायर सरकवत द्यायची, अडकलं तर जोर नाही लावायचा, थोडं मागे घेऊन परत. व्हीएचएफ (बोटीवरच्या रेडिओच्या) केबलचा कनेक्टर नंतर लावा. आत कंड्युट (वायरसाठीची नळी) नसेल तर मास्ट खाली उतरवलेला असतानाच वायरला दर मीटरला ३ झिप टाय (प्लास्टिकच्या बांधपट्ट्या) ३ दिशांना बांधा, शेपट्या न कापता, म्हणजे नांगरावर रात्रभर खडखड नाही. वायर कथलाचा मुलामा असलेलीच घ्या, खाऱ्या हवेत साधं तांबं काळं पडतं. आणि वरच्या टोकाला नीट बांधा, नुसती कनेक्शनवर लोंबकळत ठेवू नका.